जठर श्लेष्मकलेची पुनर्प्रवाह इजा

खंडित झालेला रक्तप्रवाह पूर्ववत सुरू झाल्यावर जठराच्या श्लेष्मकलेस (आतील बुळबुळीत अस्तरास) होणारी इजा. रक्ताअभावी ऊतकांची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांची) हानी होते, हे पूर्वीपासून ज्ञात होते. परंतु रक्त परत येतानाही त्या हानीत भर पडते, हे मुख्यतः १९८० नंतरच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले.

कारणे : तीव्र रक्तस्राव, जंतुसंसर्गजन्य अवसाद, मोठ्या शस्त्रक्रिया व विस्तृत भाजणे या अवस्थांत शरीर मेंदू व हृदय यांचा रक्तपुरवठा टिकवून जठर व आतडी यांचा कमी करते. पुलगाव (जि. वर्धा) येथील केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी लागली, तशा आगीत गंभीर भाजलेल्या व्यक्तींच्या केशवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्ताचे घनफळ घटते. नीलेवाटे द्रव दिल्यावर ते भरून येते आणि जठरात रक्त पुन्हा खेळू लागते. भाजलेल्या रुग्णांच्या ग्रहणीतील (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील) तीव्र व्रणांचे वर्णन टॉमस ब्लिझर्ड कर्लिंग या इंग्रज शस्त्रक्रियातज्ञांनी १८४२ मध्येच केले होते.

प्रक्रिया : ऑक्सिजनाअभावी कोशिकांतील ऊर्जावाहक एटीपीचे विघटन होऊन हायपोझँथीन साचते. त्याच वेळी झँथीन डीहायड्रोजनेज या एंझाइमाचे झँथीन ऑक्सिडेजामध्ये रूपांतर होते. रक्ताबरोबर ऑक्सिजन येताच या एंझाइमाच्या क्रियेने सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. लोहाच्या सान्निध्यात त्यांपासून अतिविक्रियाशील हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतो. तो कोशिकापटलातील मेदांचे ऑक्सिडीभवन घडवितो. शिवाय श्वेत कोशिका केशवाहिन्यांच्या अंतःस्तरास चिकटून त्या तुंबवितात व हानिकारक द्रव्ये सोडतात. जठरात अम्लाची आणखी भर पडते. श्लेष्मा व बायकार्बोनेट यांचे संरक्षण दुबळे झालेले असल्याने अम्ल अस्तरात शिरते. वरवरच्या क्षती पडतात व रक्तस्राव होतो.

प्रायोगिक पुरावा : एम. इटो व पी. एच. गुथ यांनी १९८५ मध्ये उंदरांत रक्तस्रावजन्य अवसाद निर्माण करून काढलेले रक्त परत दिले. त्यानंतर जठरात उद्‌भवणाऱ्या क्षती ॲलोप्युरिनॉल व सुपरऑक्साइड डिसम्यूटेज यांनी कमी झाल्या. डी. ए. पार्क्स व डी. एन. ग्रेंजर यांनी १९८६ मध्ये मांजराच्या लहान आतड्यात ३ तास रक्तन्यूनता व नंतर १ तास पुनर्प्रवाह यांमुळे झालेली हानी सलग ४ तासांच्या रक्तन्यूनतेपेक्षा अधिक असल्याचे दाखविले.

प्रतिबंध : या इजेच्या भीतीने रक्तप्रवाह पूर्ववत करण्यास विलंब करणे मात्र घातक ठरते. रक्तन्यूनतेचा काळ जितका अल्प, तितकी पुढील इजा सौम्य. म्हणून अवसादावर त्वरित उपचार हाच मुख्य प्रतिबंध होय. अतिदक्षता विभागात रक्तस्रावाचा धोका अधिक असलेल्या रुग्णांस अम्लस्राव कमी करणारी औषधे देतात आणि शक्य तितक्या लवकर नळीवाटे अन्न सुरू करतात. प्राण्यांत उपयुक्त ठरलेली ऑक्सिडीभवनरोधक द्रव्ये रुग्णांच्या नेहमीच्या उपचारांत रूढ झालेली नाहीत.