वस्तूंचे आयुष्य कोणी ठरवावयाचे?

बाजारात वस्तू विकत घेणाऱ्या माणसाला तिची किंमत ठाऊक असते, पण तिचे आयुष्य ठाऊक नसते. शीतकपाट घेताना ते वीज किती खाईल, हे त्यावरील ताऱ्यांवरून समजते. ते किती वर्षे टिकेल, पाच वर्षांनी त्याच्या दाराची रबरी पट्टी किंवा आतील विद्युत-फलक मिळेल की नाही आणि कोपऱ्यावरच्या कारागिराला ते उघडता येईल की कंपनीच्याच माणसाची वाट पाहावी लागेल, या प्रश्नांची उत्तरे मात्र दुकानात कोणी देत नाही. वस्तुतः ही उत्तरे कारखान्यातील आराखड्याच्या टेबलावर केव्हाच लिहिली गेलेली असतात. स्क्रू वापरावयाचा की गोंद, बॅटरी काढता येण्याजोगी ठेवावयाची की कायमची चिकटवून टाकावयाची, हे तेथे ठरते. वस्तूचा पर्यावरणावर होणारा सुमारे ८० टक्के परिणाम रचनेच्या टप्प्यावरच निश्चित होतो, असे युरोपीय आयोग सांगत आला आहे. तेव्हा हा निर्णय केवळ उत्पादकाच्या मर्जीवर सोडावयाचा की त्यात समाजालाही काही म्हणणे असावे, हा खरा प्रश्न आहे.

युरोपीय संघाने या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देण्याचे ठरविले आहे. टिकाऊ वस्तूंच्या पर्यावरणस्नेही रचनेविषयीचा त्याचा नवा कायदा १८ जुलै २०२४ रोजी अमलात आला. त्याची पूर्वपीठिका जुनी आहे. २००५ साली विजेवर चालणाऱ्या उपकरणांसाठी पहिला निर्देश निघाला. २००९ साली त्याची व्याप्ती ऊर्जेशी संबंधित सर्व वस्तूंपर्यंत वाढली. त्याच सुमारास तारेचे जुने दिवे बाजारातून टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्यास प्रारंभ झाला आणि २०१२ पर्यंत ते काम बहुतांशी पुरे झाले. तथापि या साऱ्या नियमांचा भर विजेच्या बचतीवर होता. नव्या कायद्याने अन्न, पशुखाद्य, औषधे असे काही अपवाद वगळता जवळजवळ सर्व वस्तू आपल्या कक्षेत घेतल्या आहेत. टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय, पुनर्वापर केलेल्या मालाचे प्रमाण आणि घातक द्रव्ये यांविषयी अटी घालण्याचा अधिकारही त्याने आयोगाला दिला आहे. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या कार्ययोजनेत कापड व कपडे, फर्निचर, गाद्या, टायर, पोलाद आणि ॲल्युमिनियम यांना अग्रक्रम मिळाला. न खपलेले कपडे व पादत्राणे नष्ट करण्यास मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून मनाई करण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. मालाची किंमत टिकावी म्हणून नवा कोरा माल जाळून टाकणे हा व्यापारी शहाणपणा मानला जात होता, हे या तरतुदीमुळे सर्वसामान्यांना प्रथमच नीट कळले.

नियमांची प्रत्यक्ष करामत

अशा कायद्यांची परीक्षा त्यांच्या उद्दिष्टांच्या भाषेत होत नाही. ती बारीकसारीक अटींत होते. २०२१ पासून युरोपात शीतकपाटाच्या प्रमुख सुट्या भागांचा पुरवठा, ते मॉडेल बाजारातून गेल्यानंतरही किमान ७ वर्षे आणि धुलाई यंत्राच्या बाबतीत १० वर्षे चालू ठेवणे उत्पादकावर बंधनकारक झाले. मागणी केल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत भाग पोहोचला पाहिजे आणि तो नेहमीच्या हत्यारांनी बसविता आला पाहिजे, अशीही अट आहे. २० जून २०२५ पासून मोबाइल फोन व टॅब्लेट या नियमांखाली आले. ८०० वेळा भरल्या-रिकाम्या झाल्यावरही बॅटरीत मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, सुटे भाग ७ वर्षे मिळाले पाहिजेत आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान ५ वर्षे सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती मिळत राहिली पाहिजे, अशा या अटी आहेत. हा फोन दुरुस्तीला किती सोयीचा आहे, हेही आता त्याच्या लेबलावर छापावे लागते.

यातील सॉफ्टवेअरचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. पूर्वी यंत्र झिजल्यामुळे निकामी होत असे. आता धडधाकट यंत्रही केवळ त्याच्या आज्ञावलीला आधार उरला नाही म्हणून अडगळीत जाते. नवे सॉफ्टवेअर घातल्यावर जुने फोन मंदावू शकतात, हे ग्राहकांना न सांगितल्याबद्दल २०२० साली फ्रान्समध्ये ॲपल कंपनीला अडीच कोटी युरो दंड भरावा लागला. फ्रान्सने वस्तूचे आयुष्य हेतुपुरस्सर कमी करणे हा २०१५ सालीच गुन्हा ठरविला होता. १ जानेवारी २०२१ पासून त्या देशात मोबाइल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच, धुलाई यंत्र आणि गवत कापण्याचे यंत्र यांवर दहापैकी गुण दाखविणारा दुरुस्ती-निर्देशांक लावणे सक्तीचे झाले. माहितीपत्रकांची उपलब्धता, यंत्र उघडण्यातील सुलभता, सुट्या भागांचा पुरवठा, त्यांची किंमत आणि त्या त्या वस्तूचे विशेष निकष, अशा पाच कसोट्यांवर हे गुण ठरतात. ते कंपनीनेच स्वतःला द्यावयाचे असल्यामुळे त्या निर्देशांकावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. तरीही सुट्या भागाची किंमत मूळ वस्तूच्या किमतीशी ताडून पाहण्याची कल्पना मोलाची आहे. भाग मिळतो, पण त्याला नव्या यंत्राच्या निम्मी किंमत पडते, अशी स्थिती असेल तर दुरुस्तीचा हक्क कागदावरच राहतो.

लेबलांचा इतिहास

लेबल लावले म्हणजे ग्राहक शहाणा झाला, अशी समजूत करून घेणे भाबडेपणाचे होईल. पश्चिम जर्मनीने १९७८ साली 'ब्लू एंजल' हे जगातील पहिले पर्यावरण-चिन्ह सुरू केले. त्यानंतर अशा चिन्हांचे इतके पीक आले की त्यांचा अर्थ लावण्यासाठीच वेगळी पुस्तिका हवी. युरोपच्या ऊर्जा-लेबलाची गोष्ट तर बोधप्रद आहे. 'ए' ते 'जी' अशा श्रेणींनी त्याची सुरुवात झाली. यंत्रे सुधारत गेली, तेव्हा खालच्या श्रेणी कठोर करण्याऐवजी वर 'ए' पुढे एक, दोन, तीन अधिक-चिन्हे जोडण्यात आली. शेवटी बहुतेक माल वरच्याच पायरीवर गोळा झाला आणि 'ए' श्रेणीचे यंत्र घेणारा आपण उत्तम वस्तू घेतली या समाधानात राहू लागला. अखेरीस मार्च २०२१ पासून मूळची 'ए' ते 'जी' ही श्रेणी नव्याने लावावी लागली आणि वरच्या जागा पुढील सुधारणेसाठी जवळजवळ रिकाम्या ठेवण्यात आल्या.

दुसरा धडा धूळ ओढणाऱ्या यंत्रांनी दिला. त्यांची चाचणी धुळीची पिशवी रिकामी ठेवून घेतली जात असे. पिशवी भरू लागली की यंत्राची ओढ कशी घटते, हे त्यात कळतच नसे. डायसन कंपनीने याविरुद्ध दाद मागितली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती लेबल-पद्धतीच रद्दबातल ठरविली. प्रयोगशाळेतील अंक आणि घरातील वापर यांत अंतर पडले की लेबल हे फसवणुकीचे साधन होते, इतका या प्रकरणाचा अर्थ स्पष्ट आहे. पर्यावरणाच्या नावाने केलेल्या दाव्यांची अवस्था त्याहून वाईट. युरोपीय आयोगाने २०२० मध्ये केलेल्या पाहणीत अशा दाव्यांपैकी निम्म्याहून अधिक दावे संदिग्ध, दिशाभूल करणारे किंवा निराधार आढळले. म्हणूनच लेबलाच्या जोडीला किमान मर्यादेचा नियम लागतो. लेबल चांगल्या वस्तूकडे बोट दाखविते. वाईट वस्तूला बाजाराबाहेर ठेवण्याचे सामर्थ्य केवळ नियमात असते.

आक्षेप आणि त्यांचे मोल

उद्योजकांचे आक्षेप सगळेच स्वार्थातून आलेले आहेत, असे नाही. उघडता येणारे यंत्र पाण्यापासून सुरक्षित ठेवणे कठीण जाते. जास्त टिकणारे यंत्र जास्त वीज खाणारेही असू शकते. दिव्यांचा इतिहास या दोन्ही बाजू दाखवितो. १९२४ च्या डिसेंबरात जिनिव्हात जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी 'फीबस' नावाचा संघ स्थापन केला, दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले आणि त्याहून फार टिकणारे दिवे करणाऱ्या सभासदांना दंड लावला. याचे समर्थन असे केले जाई की, तार जास्त टिकाऊ केली तर उजेड कमी पडतो व वीज वाया जाते. १९५१ साली ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने या तांत्रिक युक्तिवादात तथ्य असल्याचे मान्यही केले. पण ग्राहकाने किती तासांचा दिवा घ्यावा, हे बंद दाराआड ठरविण्याचा अधिकार या संघाला कोणी दिला, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. तांत्रिक तडजोड अपरिहार्य असेल, तर ती उघडपणे, सर्वांच्या देखत व्हावयास हवी.

विकसनशील देशांकडून येणारा आक्षेप अधिक गंभीर आहे. नव्या कायद्यान्वये वस्तूला 'डिजिटल पासपोर्ट' लागणार आहे. ती कशाची बनली, कोठे बनली, तिची दुरुस्ती कशी करावी, हे त्यात नोंदलेले असेल. कल्पना उत्तम, परंतु इचलकरंजीच्या यंत्रमागावर विणलेले कापड कपड्याच्या रूपाने युरोपच्या बंदरात उतरावयाचे असेल, तर धागा, रंग, पाणी आणि रसायने यांचा हिशेब त्या कपड्याबरोबर जाणे भाग पडेल. मोठी गिरणी हा खर्च पेलू शकेल. चार मागांच्या मालकाला तो कसा पेलणार? पर्यावरणाच्या नावाने उभारलेली भिंत छोट्यांच्याच वाटेत येऊ नये, याची काळजी युरोपने घ्यावयास हवी. त्याचबरोबर नोंदी ठेवण्याची सामाईक, स्वस्त यंत्रणा आपल्या शासनाने आणि वस्त्रोद्योगाच्या संस्थांनी आताच उभी केली पाहिजे. नियम अन्यायकारक आहेत अशी तक्रार करीत राहिल्याने माल खपत नाही.

आपल्याकडील चित्र

भारत या बाबतीत कोऱ्या पाटीवर उभा नाही. ऊर्जा बचतीचा कायदा २००१ साली झाला आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ साली ताऱ्यांची लेबले आणली. २०१० पासून काही उपकरणांना आणि पुढे छताच्या पंख्यांसारख्या घरोघरी असणाऱ्या वस्तूंनाही ती सक्तीची झाली. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत गेल्याने कालचे पंचतारांकित यंत्र आज खालच्या पायरीवर येते. युरोपला जे उशिरा सुचले, ते येथे बऱ्याच अंशी पाळले गेले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. याउलट १९९१ साली मातीच्या माठाचे बोधचिन्ह घेऊन आलेली 'इकोमार्क' योजना अयशस्वी ठरली. ती ऐच्छिक होती. फारच थोडे उत्पादक तिच्याकडे फिरकले आणि ग्राहकांपर्यंत तो माठ पोहोचलाच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेचे नवे नियम निघाले आणि ऑक्टोबरमध्ये पर्यावरणाविषयीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना जारी झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचे शासकीय संकेतस्थळ सुरू झाले. मोबाइल व इतर विद्युत उपकरणांसाठी दुरुस्ती-निर्देशांक कसा असावा, हे ठरविण्यास २०२४ साली समिती नेमली गेली आणि तिने २०२५ साली अहवालही दिला.

समित्या आणि संकेतस्थळे यांनी वस्तूंचे आयुष्य वाढत नाही. आपल्या देशात दुरुस्तीची परंपरा कायद्याने निर्माण केलेली नाही. ती गरजेतून, काटकसरीतून आणि हातातल्या कसबातून आली. पंख्याची मोटार पुन्हा गुंडाळून देणारा, मिक्सरचे भांडे नीट करून देणारा, छत्रीच्या काड्या बसविणारा, मोबाइलचा फुटका पडदा बदलून देणारा असे कारागीर प्रत्येक शहराच्या गल्लीबोळांत आहेत. युरोप आज मोठा खर्च करून जी व्यवस्था उभी करू पाहतो, तिचा सांगाडा येथे तयार आहे. पण चिकटवून बंद केलेली यंत्रे, न मिळणारे सुटे भाग, आणि भाग अस्सल असूनही कंपनीच्या सॉफ्टवेअरने तो ओळखण्यास दिलेला नकार यांमुळे या कारागिरांच्या हातचे काम जात आहे. त्यांचे दुकान बंद झाले की ग्राहकापुढे नवी वस्तू घेण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. जुनी वस्तू मग भंगारवाल्याकडे आणि तेथून कचऱ्यात जाते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम उत्पादकावर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकतात हे योग्यच. पण मुख्यतः वस्तू मेल्यानंतर सुरू होणारी ही जबाबदारी आहे. ती जिवंत राहावी यासाठीचा नियम त्याआधी हवा.

म्हणून दुरुस्ती-निर्देशांक ऐच्छिक न ठेवता सक्तीचा केला पाहिजे आणि तो ताऱ्यांच्या लेबलावरच छापला पाहिजे. गुण देण्याचे काम उत्पादकाकडे न सोपविता स्वतंत्र तपासणी व्हावी. सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे विक्रीच्या वेळी लेखी सांगणे बंधनकारक असावे. हे भाग आणि माहितीपत्रके अधिकृत केंद्रांइतकीच स्वतंत्र कारागिरांनाही रास्त दरात मिळावीत. आणि हे सर्व मराठीसह भारतीय भाषांत व्हावे. एरवी गल्लीतील कारागिरापर्यंत त्याचा लाभ पोहोचणार नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी एके काळी वजन-माप आणि भेसळ यांविरुद्ध ग्राहकाला जागे केले. वस्तूच्या आयुष्याचा प्रश्न हा त्याच लढ्याचा पुढचा टप्पा आहे. किलोत शंभर ग्रॅम कमी देणाऱ्या दुकानदाराला शिक्षा होते. दहा वर्षे चालू शकणारे यंत्र चार वर्षांत निकामी होईल अशी योजना करणाऱ्याला जाब विचारण्याची सोय मात्र आपल्या कायद्यात अद्याप झालेली नाही. ती करण्यास आणखी एका समितीची गरज नाही.