एका खोडात दोन लाकडं

सर्वांत कठीण लाकडाचं धनुष्य सर्वांत चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण वाकायलाच तयार नसलेलं लाकूड तिरंदाजाच्या काय कामाचं? त्याला हवं असतं भरपूर वाकणारं, तरी न मोडणारं आणि सुटताच झटक्यात मूळ आकाराला येणारं लाकूड. दोरी ओढली, की धनुष्याची लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि तिरंदाजाकडची दाबली जाते. एकाच काठीवर, एकाच क्षणी, दोन उलटे जोर!

युरोपातल्या यू वृक्षाच्या खोडात या दोन्हींची सोय जन्मतःच असते. सालीलगतचं फिकट लाकूड ताण उत्तम सोसतं, तर आतला तांबूस गाभा दाब. कारागीर खोड असं चिरतो, की फिकट थर लक्ष्याकडे आणि गाभा तिरंदाजाकडे येतो. दोन लाकडं डिंकानं जोडायला नकोत, झाडानंच ती जोडून ठेवलेली! मला तर हे प्रत्येक वेळी नव्यानं अद्भुत वाटतं. मात्र तो फिकट थर जपून तासावा लागतो. ताणाच्या बाजूला तंतू तुटले, तर तडा तिथूनच जातो. म्हणून गाठ आली की ती कापत नाहीत, तिच्याभोवती लाकूड जास्त ठेवतात.

आल्प्समध्ये 1991 साली सापडलेल्या, सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या माणसाच्या गोठलेल्या मृतदेहाजवळ यूचंच अर्धवट घडवलेलं धनुष्य होतं. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेवर शंभराहून अधिक अखंड धनुष्यं मिळाली. तीही यूचीच, जवळजवळ 2 मीटर लांब. थंड डोंगरावर यू सावकाश वाढतो, त्याची वलयं दाट बसतात, आणि इंग्लंडला असंच लाकूड हवं होतं. त्यासाठी 1472 च्या कायद्यानं परदेशी व्यापाऱ्यांना मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्यासाठीचे 4 दांडेही आणायला लावले.

पण यूवाचून अडलं कुणाचंच नाही. डेन्मार्कच्या होल्मेगार्डच्या दलदलीत मिळालेली सुमारे 9000 वर्षांपूर्वीची धनुष्यं एल्म या झाडाच्या लाकडाची आहेत. आपल्या सातपुड्यातल्या भिल्लांनी तर बांबू निवडला. बांबूत चिवट तंतूंची गर्दी सालीकडे सर्वाधिक असते. त्यांच्या धनुष्याची दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची असते.