आजारी कुत्र्यांचे आंतरराष्ट्रीय स्थलांतर

हृदयविकार, मधुमेह, अपस्मार, मूत्रपिंडाचा विकार किंवा गोचिडांमुळे होणारा जुनाट संसर्ग असलेल्या पाळीव कुत्र्याला एका देशातून दुसऱ्या देशात कायमच्या वास्तव्यासाठी नेणे, म्हणजे आजारी कुत्र्याचे आंतरराष्ट्रीय स्थलांतर होय. अशा वेळी दोन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. संबंधित देश त्या कुत्र्याला प्रवेश देईल का, हा पहिला प्रश्न. कुत्र्याला तो प्रवास झेपेल का, हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. सीमेवरील पशुआरोग्य यंत्रणेला कुत्र्याच्या हृदयाच्या झडपेशी फारसे कर्तव्य नसते. आपल्या देशात एखादा संसर्ग शिरू नये, एवढीच तिची चिंता असते. त्यामुळे दररोज इन्सुलिन घेणाऱ्या कुत्र्याला प्रवेश मिळू शकतो, आणि वरकरणी पूर्ण निरोगी दिसणारा कुत्रा रक्तातील एका सूक्ष्मजीवामुळे अडवला जाऊ शकतो.

पार्श्वभूमी

कुत्र्यांच्या स्थलांतरावरील निर्बंधांचे मूळ रेबीज या रोगात आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो आणि माणसांना तो मुख्यतः कुत्र्याच्या चाव्यातून होतो. समुद्राने वेढलेल्या देशांना तो हद्दीबाहेर ठेवणे तुलनेने सोपे गेले. जपानमध्ये 1957 नंतर रेबीजचा देशांतर्गत प्रादुर्भाव झालेला नाही. ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना दीर्घकाळ सहा महिने सक्तीच्या विलगीकरणात ठेवले जाई. वृद्ध किंवा आजारी कुत्र्याच्या बाबतीत या नियमाचा अर्थ बहुधा एकच होता: त्याला मागे ठेवणे. 2000 साली ब्रिटनने मायक्रोचिप, लसीकरण आणि रक्तचाचणी यांवर आधारलेली योजना सुरू केली व अटी पूर्ण करणाऱ्या कुत्र्यांचे विलगीकरण बंद झाले. प्रतीक्षेचा काळ मात्र नाहीसा झाला नाही. तो पिंजऱ्यातून मालकाच्या घरी हलला, एवढेच.

रेबीजविषयक अटी

बहुतेक देशांत टप्प्यांचा क्रम सारखाच असतो आणि तो बदलता येत नाही. प्रथम कुत्र्याच्या त्वचेखाली आंतरराष्ट्रीय मानकानुसार 15 अंकी क्रमांकाची मायक्रोचिप बसवली जाते. त्यानंतर दिलेली रेबीजची लसच ग्राह्य धरली जाते, कारण आधी दिलेली लस नेमक्या त्याच कुत्र्याला दिली होती हे सिद्ध करता येत नाही. पुढे रक्तरसातील प्रतिपिंडांचे प्रमाण मोजले जाते. ते प्रति मिलिलिटर किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. ही चाचणी त्या-त्या देशाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच करावी लागत असल्याने रक्तरस अनेकदा परदेशी पाठवावा लागतो.

युरोपीय संघाच्या मान्य यादीत भारत नाही. त्यामुळे भारतातून तेथे जाणाऱ्या कुत्र्याचे रक्त लसीकरणानंतर किमान 30 दिवसांनी घ्यावे लागते आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. ब्रिटनचा नियमही असाच आहे. जपानमध्ये हा कालावधी 180 दिवसांचा आहे. अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून नवे नियम लागू केले. त्यानुसार प्रवेशाच्या वेळी कुत्र्याचे वय किमान सहा महिने असावे लागते, तसेच तो निरोगी दिसावा लागतो. भारताचा समावेश कुत्र्यांमधील रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांत होतो. म्हणून भारतात लस दिलेल्या कुत्र्यासाठी शासकीय पशुवैद्याने प्रमाणित केलेला अर्ज, तसेच नोंदणीकृत प्राणी-देखभाल केंद्रातील आरक्षण लागते. प्रतिपिंड चाचणीचा ग्राह्य निकाल नसल्यास तेथे 28 दिवसांचे विलगीकरण घडते.

आजाराचा संबंध इथे दोन ठिकाणी येतो. प्रतिकारशक्तीच्या विकारासाठी स्टेरॉइड किंवा तत्सम दमनकारी औषधे घेणाऱ्या कुत्र्यात लसीला मिळणारा प्रतिसाद क्षीण असू शकतो. प्रतिपिंडांचे प्रमाण 0.5 पर्यंत पोहोचले नाही, तर लस पुन्हा देऊन सारी गणना नव्याने सुरू होते. काही देशांत अंतर्गत कायद्यानुसार गंभीर आजारी कुत्र्याला पशुवैद्याच्या शिफारशीवरून रेबीजच्या लसीतून सूट मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी मात्र अशी सूट सहसा उपयोगी पडत नाही. लस सोसवणार नाही एवढ्या आजारी कुत्र्याचा मार्ग त्यामुळे विमानतळाच्या बऱ्याच आधी बंद होतो.

गोचिडे व अन्य वाहकांमुळे होणारे रोग

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश रेबीजपलीकडेही पाहतात. एर्लिकिया कॅनिस, लीशमॅनिया, ब्रुसेला कॅनिस, बबेशिया गिब्सोनी आणि हृदयकृमी यांसारख्या संसर्गांसाठी त्यांनी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या चाचण्या अनिवार्य केल्या आहेत. हा संशय निराधार म्हणता येत नाही. एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू तपकिरी गोचिडामार्फत पसरतो. 2020 साली तो ऑस्ट्रेलियातील स्थानिक कुत्र्यांत प्रथम आढळला व त्यानंतर देशाच्या उत्तर भागात झपाट्याने फैलावला.

भारतातील कुत्र्यांच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत कठीण ठरतो. उष्ण हवामानामुळे येथे गोचिडे जवळजवळ वर्षभर आढळतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात 'टिक फीव्हर' या सैल नावाने ओळखले जाणारे आजार मुंबई-पुण्यातील अनेक कुत्र्यांना आयुष्यात एकदा तरी झालेले असतात. एर्लिकियाचा संसर्ग डॉक्सिसायक्लिनच्या सुमारे चार आठवड्यांच्या उपचाराने बहुधा आटोक्यात येतो. परंतु त्याविरुद्धची प्रतिपिंडे नंतरही कित्येक महिने, प्रसंगी वर्षे, रक्तात राहतात. प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीला जुना बरा झालेला आजार आणि चालू आजार यांतील फरक कळत नाही. बबेशिया गिब्सोनीची गोष्ट उलट आहे. उपचारानंतर कुत्रा टवटवीत दिसू लागतो, पण परजीवी रक्तातून पूर्णपणे जाईलच असे नाही, आणि कुत्रा लक्षणविरहित वाहक म्हणून राहू शकतो. यांपैकी पहिल्या प्रकारात कुत्र्यावर अन्याय होतो असे म्हणता येईल, दुसऱ्यात यजमान देशाची भीती रास्त असते. आणि कागदावर दोन्ही निकाल 'पॉझिटिव्ह' असेच दिसतात.

लीशमॅनिया इन्फँटम हा परजीवी स्पेन, इटली, पोर्तुगाल, ग्रीस आदी भूमध्यसागरी देशांत वाळूमाशीमार्फत पसरतो. कुत्रा हा त्याचा मुख्य आश्रयदाता आहे आणि संसर्ग सहसा आयुष्यभर टिकतो. भारतातील काळा आजार लीशमॅनिया डोनोव्हनी या वेगळ्या जातीमुळे होतो व त्याचा मुख्य आश्रयदाता माणूसच आहे. त्यामुळे भारतातून थेट जाणाऱ्या कुत्र्यापेक्षा मधली काही वर्षे दक्षिण युरोपात राहिलेल्या कुत्र्याच्या बाबतीत या चाचणीला अधिक महत्त्व येते.

ऑस्ट्रेलियाच्या मान्य देशांच्या यादीत भारत नसल्याने तेथे थेट कुत्रा नेता येत नाही. तो एखाद्या मान्य देशातून, तेथील तयारी पूर्ण करूनच न्यावा लागतो. पोहोचल्यावर मेलबर्नजवळील मिकलहॅम येथील शासकीय केंद्रात किमान 10 दिवसांचे विलगीकरण असते. नियमांच्या कडकपणाची कल्पना 2015 च्या एका प्रसंगावरून येते. अभिनेता जॉनी डेप याच्या खाजगी विमानातून दोन यॉर्कशायर टेरियर कुत्रे परवान्याविना देशात आणले गेले, तेव्हा ते परत पाठवा, अन्यथा त्यांना मारावे लागेल, असे तत्कालीन कृषिमंत्र्यांनी जाहीरपणे सुनावले होते.

विमानप्रवासाचे शारीरिक परिणाम

जिवंत प्राणी नेण्याच्या मालकक्षात हवा नसते, ही समजूत चुकीची आहे. त्या कक्षातील हवेचा दाब प्रवासी कक्षाइतकाच असतो. मात्र तो जमिनीवरील दाबाइतका नसून साधारणतः 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरील हवेइतका असतो. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे, हे लक्षात घेतल्यास कल्पना येईल. निरोगी कुत्र्याला ही विरळता जाणवतही नाही. हृदयाची झडप निकामी झालेल्या किंवा फुप्फुसांत पाणी साचण्याची प्रवृत्ती असलेल्या कुत्र्याला ती जड जाऊ शकते.

पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धोका अधिक असतो. अरुंद नाकपुड्या आणि लांब मृदुतालू यांमुळे त्यांना धापा टाकून शरीर थंड करणे नीट जमत नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने 2010 साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत विमानप्रवासात मरण पावलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे निम्मे अशा जातींचे होते. अनेक विमान कंपन्या या जाती स्वीकारत नाहीत, किंवा उन्हाळ्यात नाकारतात. खरा धोका उड्डाणापेक्षा धावपट्टीवरील प्रतीक्षेत असतो. मे महिन्यातील दुपारी तापलेल्या डांबरावर ठेवलेला पिंजरा काही मिनिटांतच भट्टीसारखा होतो.

कुत्रा शांत राहावा म्हणून गुंगीचे औषध देण्याची प्रथा पूर्वी होती. आता पशुवैद्यक संघटना आणि विमान वाहतूक नियम तिला विरोध करतात. अशा औषधांनी रक्तदाब उतरतो, तोल जातो आणि शरीराचे तापमान राखण्याची क्षमता घटते. त्याऐवजी काही आठवडे आधीपासून पिंजऱ्याची सवय लावणे अधिक उपयोगी मानले जाते. पिंजरा कुत्र्याला ताठ उभे राहता, वळता आणि पसरून झोपता येईल एवढा असावा लागतो.

प्रमुख आजार आणि प्रवास

मधुमेही कुत्र्याला सामान्यतः दर 12 तासांनी, खाण्याबरोबर इन्सुलिन द्यावे लागते. मालकक्षात ते देणारे कोणी नसते. मुंबई-लंडन उड्डाण सुमारे नऊ-दहा तासांचे असले, तरी आधीची तपासणी आणि नंतरची सुटका धरून कुत्रा मालकापासून त्याहून कितीतरी अधिक काळ दूर राहतो, आणि एखादी मात्रा हुकते. पशुवैद्यांच्या दृष्टीने ही गोष्ट तितकी भयावह नाही. साखर काही तास वाढलेली राहणे परवडते. उपाशी पोटी दिलेल्या पूर्ण मात्रेने साखर अचानक घसरणे मात्र काही तासांत जीव घेऊ शकते. भारतातील सकाळचे आठ म्हणजे लंडनमधील उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन. म्हणून पोहोचल्यावर वेळ एकदम न बदलता थोडी थोडी सरकवली जाते. आणखी एक धोका सिरिंजचा आहे. प्राण्यांसाठीचे काही इन्सुलिन प्रति मिलिलिटर 40 एककांचे, तर माणसांसाठीचे बहुधा 100 एककांचे असते. 100 एककांचे इन्सुलिन 40 एककांच्या सिरिंजने दिल्यास अडीचपट मात्रा जाते.

अपस्मारावर फिनोबार्बिटल हे जुने आणि परिणामकारक औषध आहे. ते अचानक थांबल्यास तीव्र झटके येऊ शकतात. परंतु हे द्रव्य 1971 च्या आंतरराष्ट्रीय मनोप्रभावी पदार्थ कराराखाली नियंत्रित आहे, आणि भारतातही अमली पदार्थविरोधी कायद्याच्या अनुसूचीत त्याचा समावेश होतो. त्यामुळे कुत्र्याच्या नावाचे पत्र, औषधाची मूळ वेष्टने आणि गंतव्य देशाची परवानगी यांची तजवीज आधीच करावी लागते. कुत्र्याची कागदपत्रे निर्दोष आणि औषध मात्र जप्त, असा प्रसंग यामुळे संभवतो.

मूत्रपिंडाच्या विकारात निर्जलीकरण हा मुख्य शत्रू असतो, म्हणून पिंजऱ्याच्या दाराला बाहेरून भरता येणारे पाण्याचे भांडे लावतात. हृदयविकारात आजाराच्या टप्प्याला महत्त्व असते. केवळ अधिकचा आवाज ऐकू येणारा, पण लक्षणे नसलेला कुत्रा बहुधा प्रवास करू शकतो. फुप्फुसांत पाणी साचून नुकताच सावरलेल्या कुत्र्याला प्रवासयोग्यतेचा दाखला देण्यास जबाबदार पशुवैद्य कचरतात.

भारतातील प्रक्रिया

भारतातून कुत्रा नेताना केंद्र शासनाच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. या सेवेची केंद्रे मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर आणि हैदराबाद येथे आहेत. युरोपीय संघासाठीचे प्रमाणपत्र तेथे पोहोचेपर्यंत 10 दिवसांपेक्षा जुने असू नये लागते. याच दिवसांत कुत्र्याचा जुना आजार उसळला, तर तपासणी व तिकीट दोन्ही पुढे ढकलावी लागतात.

स्थलांतरानंतर

नव्या देशात पशुविमा उपलब्ध असला, तरी आधीपासून असलेले आजार त्यातून सामान्यतः वगळलेले असतात; उपचारांचा खर्च भारतातील खर्चापेक्षा बराच अधिक असू शकतो. यामुळे काही कुटुंबे कुत्र्याला आप्तांकडे ठेवतात, काही हिवाळ्याची वाट पाहून त्याला मागाहून नेतात, तर काही स्वतःचे जाणेच लांबणीवर टाकतात. युरोपात स्थायिक झालेल्यांनी भारतात कुत्रा फिरून आणायचा असल्यास प्रतिपिंड चाचणी निघण्यापूर्वीच करून तिची नोंद कुत्र्याच्या पारपत्रात घेतल्यास परतताना तीन महिने थांबावे लागत नाही. मात्र त्यानंतरची प्रत्येक रेबीज लस मुदतीत दिलेली असावी लागते.