केळशीहून की केळशीला?

पंचवीस वर्षांपूर्वी मराठीत शोधायचं म्हटलं तर पहिली अडचण फाँटची. बहुतेक वृत्तपत्रांच्या साइट आपापल्या फाँटमध्ये. तो नसेल तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं. शोधयंत्राला त्यात मराठी दिसणार कुठून? युनिकोड रुळला आणि निदान अक्षरं जुळू लागली.

मग आडवे आले प्रत्यय. दापोली तालुक्यातलं केळशीच घ्या. केळशीला, केळशीत, केळशीच्या, केळशीहून: यंत्राच्या लेखी चार वेगळे शब्द. देऊळ तर 'देवळात' होताना रूपच पालटतं. २००८ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने 'फायर' हा उपक्रम सुरू झाला आणि 'सकाळ', 'महाराष्ट्र टाइम्स'च्या जवळपास ९९ हजार बातम्यांवर मराठी शोधाची परीक्षा घेता आली. प्रश्न ५०. प्रत्येकाला आधी मथळा, मग एका ओळीत खुलासा, आणि त्याखाली कुठली बातमी चालेल, कुठली नाही याचा तपशील. निकाल माणसांनी बातम्या वाचून द्यायचा. शोधणाऱ्याच्या मनातलं इतकं स्वच्छ मांडण्याची ही पद्धत मला आजही जाहिरातींच्या क्लिक मोजण्यापेक्षा प्रामाणिक वाटते. प्रत्यय छाटले की मराठीत जास्त हाती लागतं, हे या बातम्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली झालेलं 'संधान' हे शोधयंत्र तर पर्यटनाच्या माहितीसाठीच होतं, मराठीसकट.

पण छाटणीची किंमत होती. 'दापोलीहून केळशीला एसटी' आणि 'केळशीहून दापोलीला एसटी' दोन्हींतून उरतं तेच: दापोली, केळशी, एसटी. सकाळची गाडी गाठणाऱ्याने काय करायचं?

२०१२ मध्ये गूगलने नावामागची गोष्ट ओळखायला सुरुवात केली. महालक्ष्मीची केळशी वेगळी आणि शांतादुर्गेचं मूळ स्थान असलेलं गोव्यातलं केळोशी वेगळं, हे कळण्याची वाट त्यातून निघाली. २०१९ च्या ऑक्टोबरात गूगलच्या शोधात इंग्रजीसाठी 'बर्ट' हे भाषा समजणारं मॉडेल आलं, डिसेंबरात मराठीसह सत्तरहून अधिक भाषांसाठी. शब्दाच्या दोन्ही बाजू पाहून अर्थ लावायचा, ही त्याची रीत. 'हून' आणि 'ला' यांना अखेर वजन आलं.

आता प्रश्न कळतो, पण उत्तर कुणीतरी लिहिलेलं लागतं. केळशीची वाळूची टेकडी, याकूबबाबांचा दर्गा, समुद्रकिनारा यांवर लिहिणारे पुष्कळ. आजची गाडी वेळेवर सुटली का, हे मात्र अजून स्टँडजवळच्या ओळखीच्या माणसाला फोन करूनच विचारावं लागतं.