एका बिअरमध्ये किती पेग?

'आज बसायचं का?' असं विचारल्यावर हो म्हणणारा विद्यार्थी बाटल्या मोजतो आणि हिशेब तिथेच फसतो. ६५० मिलिलिटर स्ट्राँग बिअरवर ८ टक्के लिहिलेलं असलं, तर आत ५२ मिलिलिटर अल्कोहोल असतं, वजनात सुमारे ४१ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटर पेगमध्ये साधारण १० ग्रॅम. म्हणजे 'आपण दारू घेत नाही, नुसती बिअर' म्हणणाऱ्याने एका बाटलीत चार पेग रिचवलेले असतात. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं. लिंबू पिळा, कॉफी पाजा, वेग तोच.

आता कायद्याचं बघू. कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये विद्यापीठांची आवारं आहेत, पीजी आहेत आणि घरापासून शेकडो मैल दूर आलेली मुलं आहेत. नागपूरहून तिथे गेलेल्या मुलाला कायदा पिण्यासाठी किमान वय २१ वर्षं सांगतो. महाराष्ट्रात बिअरला २१, व्हिस्कीला २५, गोव्यात १८. पण आपलं पिणं कितपत आहे, हे वयाच्या दाखल्यावरून कळत नाही.

त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी आहे, १९८९ पासूनची. किती वेळा घेता, एका बैठकीत किती घेता, सुरू केल्यावर थांबता आलं नाही असं किती वेळा झालं? प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, एकूण ४०. आठ किंवा जास्त आले, तर पिणं धोक्याच्या बाजूला झुकलंय. मला यातला 'आदल्या रात्रीचं आठवलं नाही, असं किती वेळा झालं?' हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो. ज्याला आठवत नाही, त्या मुलाला तेव्हा झोप लागलेली नसते. तो बोलत, नाचत असतो. फक्त मेंदूतलं हिप्पोकॅम्पस नवी आठवण नोंदवायचं थांबलेलं असतं. सकाळी मित्र तो किस्सा हसत सांगतात. चाचणी मात्र त्याचे गुण लावते.

मित्रांवरून अंदाज बांधण्यातही गोम आहे. १९८६ मध्ये पर्किन्स आणि बर्कोविट्झ या अमेरिकी संशोधकांना दिसलं, की 'इतर सगळे आपल्यापेक्षा जास्त मोकळेपणाने पितात' असा विद्यार्थ्यांचा समज असतो. गप्पांत रंगतो तो पिणाऱ्याचाच किस्सा. घरी जाऊन झोपलेल्याचा कोण सांगणार?

गुण कळल्यावर पुढे काय? गोव्यात 'संगथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, ऑडिटवर १२ ते १९ गुण असलेल्या पुरुषांशी प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकरवी मोजक्याच बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी ३६ टक्के जण आठच्या खाली आले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. हे लोक विद्यार्थी नव्हते, तरी थोडक्या संवादानेही फरक पडतो एवढं दिसतं.

ज्याचे हात सकाळी थरथरतात आणि घेतल्याशिवाय शांत होत नाहीत, त्याने मात्र एका दिवसात बंद करण्याचा पराक्रम करू नये. झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टर हवाच. कुठे जायचं सुचत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक देशभर चालतो.