उठून गेलेलं शहर

मित्रहो, किल्लारीत येऊन मी जुन्या गोव्यावर का बोलतोय, असं तुम्हांला वाटेल. सांगतो. तेही शहर आपली जागा सोडून गेलेलं आहे.

1510 साली अल्बुकर्कनं हे शहर विजापूरच्या आदिलशाहाकडून घेतलं. म्हणजे ज्यांचा अंमल पुढं आपल्या नळदुर्गावर होता, तेच हे आदिलशहा. पोर्तुगीजांनी तिथं पूर्वेकडच्या साम्राज्याची राजधानी थाटली. पण कॉलरा-मलेरियाच्या साथींनी माणसं मेली, उरलेली निघाली. 1759 मध्ये व्हॉइसरॉय पणजीला राहायला गेला, तेही आदिलशाहाच्याच जुन्या वाड्यात! 1843 साली पणजी रीतसर राजधानी झाली. जुन्या घरांचे जांभ्याचे चिरे काढून नऊ-दहा किलोमीटरवर नव्या इमारतींना लावले गेले.

आता प्रश्न बघा. चिरे पणजीत, माणसं पणजीत, मग जुन्या गोव्यात उरलं काय? उरली चर्चेस. 1986 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. बॉम जीझस टिकलं, कारण झेवियरच्या अवशेषांपायी माणसं तिथं येत राहिली. सेंट ऑगस्टीनचा मठ 1835 मध्ये रिकामा केला. सात वर्षांत छत कोसळलं, 1931 साली मनोऱ्याचा भाग पडला. म्हणजे इमारत वापरातून गेली की पडायला लागते. तुम्हांला हे मी काय सांगायचं!

आणि इन्क्विझिशनचा वाडा? 1560 ते 1812, मधली थोडी वर्षं सोडली तर, तिथून लोकांच्या श्रद्धांवर खटले चालले. तो वाडा पाडला गेला. पर्यटक देखणी चर्चेस बघून परततो, त्याला हे कळत नाही. माझ्या मते वारशाची ही यादी अर्धीच आहे. चर्चेस जपावीत, जरूर जपावीत, पण त्या रिकाम्या जागेवरही काही लिहिलेलं असावं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तुमच्या दगड-मातीच्या भिंती आणि माळवदं कोसळली. विसर्जनाची रात्र होती. पुढं गाव नव्या जागी वसलं, सरळ रस्ते आले. जुन्या घरांत कुणाचं ओटं, कुणाची चौकट होती, हे इथल्या म्हाताऱ्यांना आठवतं. नातवंडांना विचारून बघा. व्याख्यान संपल्यावर ज्यांना जुनी गल्ली आठवते, त्यांनी पाच मिनिटं थांबा. मी वही आणली आहे.