बंबावाल्यांची गांधीलमाशी
इवल्यांची दुनिया : लेखांक 9

कपाशीच्या शेंड्यावर पिठ्या ढेकणांचा थर बसला की लांबून पाहणाऱ्याला कुणी मूठभर पीठ सांडल्यासारखं वाटतं. जवळ जाऊन, जमलं तर भिंग लावून बघा. त्या पांढऱ्या गर्दीत मधेच एखादा तांबूस-तपकिरी, टणक दाणा दिसेल. त्याच्यावरचं पीठ झडलेलं असतं, अंग फुगून छोट्या पिंपासारखं झालेलं असतं. हा दाणा म्हणजे मेलेला पिठ्या ढेकूण. कृषी खात्याची माणसं त्याला ‘ममी’ म्हणतात. काही ममींच्या मागच्या टोकाला गोल भोक असतं, कंपासने आखून कापल्यासारखं नेमकं. त्या भोकातून जी बाहेर पडून गेली, तिची आज गोष्ट सांगायची आहे.

ती एक गांधीलमाशी आहे. पण हा शब्द ऐकून डोळ्यांसमोर येते तशी, पोळं बांधून डसणारी नव्हे. हिची लांबी दोन मिलिमीटरच्या आतबाहेर. रंग काळा, पंखांत शिरा जवळजवळ नाहीतच, आणि चाहूल लागली की मधल्या पायांच्या जोरावर टुणकन उडी मारते. मादी पिठ्या ढेकणाच्या अंगात एक अंडं घालते. अळी त्याला आतून खात वाढते, त्याच्याच कातड्याच्या आत कोष करते आणि साधारण पंधरवड्यात प्रौढ माशी भोक पाडून बाहेर येते. गोचीड किंवा जंत यजमानाला जिवंत ठेवून त्याच्यावर जगतात. ही मात्र यजमानाचा शेवट करूनच मोठी होते. अशा कीटकांना शास्त्रज्ञ पॅरासिटॉइड म्हणतात. आपली ही माशी एन्सिर्टिडी कुळातली. या एकाच कुळात आजवर चार हजारांहून जास्त प्रजातींना नावं मिळाली आहेत.

पिठ्या ढेकणाची ही जात, फेनॅकोकस सोलेनॉप्सिस, मुळात आपली नव्हे. टिन्सले यांनी 1898 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोहून आलेल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. आपल्याकडे 2006 नंतरच्या दोन-तीन हंगामांत गुजरात, पंजाब, हरियाणात तिने कपाशीची दाणादाण उडवली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांतल्या 47 ठिकाणांहून पिठ्या ढेकूण गोळा करून तपासले, तेव्हा जिकडेतिकडे मुख्यतः हीच परदेशी जात निघाली. अंगावर मेणाचं पीठ असल्यामुळे औषध आत पोचत नाही. शेतकरी फवारणीवर फवारणी करत राहतात आणि मरतात ते किडीचे शत्रूच.

अशात 2008 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना कपाशीवरच्या पिठ्या ढेकणांत ममी आढळू लागल्या. त्यांतून निघालेली माशी कोणती, हे भारतात खात्रीने सांगू शकणारी माणसं मोजकीच. त्यांत पहिलं नाव अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या मोहम्मद हयात यांचं. या कुळाच्या भारतीय प्रजातींवर 2006 मध्ये त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला होता.

नवी प्रजाती सापडली असं आपण बातमीत वाचतो, तेव्हा कुणीतरी जंगलात गेलं आणि एकदम काही दिसलं, असं चित्र मनात येतं. प्रत्यक्षात बहुतेक प्रजाती टेबलावर सापडतात. दोन मिलिमीटरची माशी ओळखायची तर काही नमुने कार्डाच्या टोकाला चिकटवून कोरडे जपावे लागतात, तर काहींचे भाग सुटे करून स्लाइडवर लावावे लागतात. बारीक सुईने डोकं वेगळं, मिशा वेगळ्या, पंख वेगळे करायचे आणि कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या डिंकाखाली काचेत बसवायचे. हात थोडा कापला की मिशी तुटते, आणि मिशीतच तर सगळी ओळख असते. पहिला सांधा रुंदीच्या किती पट लांब, दोन डोळ्यांमधलं अंतर डोक्याच्या रुंदीच्या कितवा भाग, अशी मापं एकेक करून घेतली जातात. या माशीच्या वंशाची, म्हणजे ॲनासिअसची, एक खूण मला फार आवडते. डोक्याच्या वरच्या भागावर दाटीने खोल खळगे असतात, शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे. भिंगाखाली उजेड तिरपा पडला की प्रत्येक खळग्याची कड वेगळी चमकते.

मापं घेऊन झाली की तुलना सुरू होते. या वंशातल्या आजवर माहीत असलेल्या प्रजातींपैकी ही कोणतीच नाही, हे दाखवावं लागतं. खरी कसोटी इथेच आहे, कारण जुनी वर्णनं शंभर-दीडशे वर्षांत, अनेक देशांतल्या नियतकालिकांत विखुरलेली असतात आणि मूळ नमुने जगभरच्या संग्रहालयांत. तुलनेतून नवेपण पटलं की एक नमुना निवडून त्याला होलोटाइप ठरवायचं. पुढे कधी वाद झाला तर त्या नावाचा अर्थ तो एक नमुना ठरवतो. त्याला शक्यतो लाल चिठ्ठी लावतात आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही छापावं लागतं. 1999 नंतर मांडलेल्या नावांना हे सक्तीचंच आहे.

हयात यांनी 2009 मध्ये वर्णन छापलं आणि माशीचं नाव ठेवलं ॲनासिअस बंबावालेई. दिल्लीच्या त्या केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ. शेवटचा ‘ई’ लॅटिनमधली षष्ठी आहे, म्हणजे नावाचा सरळ अर्थ ‘बंबावाल्यांची’. एका मराठी आडनावाला असा लॅटिन प्रत्यय लागलेला पाहून मला आजही आनंद होतो.

या वर्णनाने शेतात फरक पडला. आधी ममी म्हणजे नुसता वाळलेला ढेकूण होता, आता तिला नाव आणि चित्र मिळालं. ममी भरपूर दिसत असतील तर फवारणी थांबवा, हा सल्ला त्यामुळे देता आला. पाकिस्तानात आणि चीनमध्येही हीच माशी आढळली, तिथल्या अभ्यासांत हेच नाव लागलं. पत्ता कळला की पत्र पोचतं, तसं नावामुळे एका देशातली माहिती दुसऱ्या देशात पोचू लागली.

आणि मग 2014 मध्ये हे नाव बाद झालं. इराणमधल्या एन्सिर्टिडींच्या नव्या नोंदी छापताना अभ्यासकांनी दाखवून दिलं की बंबावालेई ही ॲनासिअस ॲरिझोनेन्सिसच आहे. ते नाव दिलं होतं ए. ए. जिरॉ यांनी, 1915 मध्ये. जिरॉ हा मोठा अजब माणूस. अमेरिकेत जन्मला, पण आयुष्याचा मोठा काळ ऑस्ट्रेलियात गेला. तिथल्या अशा इवल्या माश्यांच्या तीन हजारांहून जास्त प्रजातींना त्याने नावं दिली, आणि नियतकालिकं छापेनात तेव्हा स्वतःच्या पैशाने पत्रकं काढून ती प्रसिद्ध केली. याच कुळातल्या एका माशीला त्याने मोझार्टेला बिथोवेनी असं दोन संगीतकारांचं नाव दिलं आहे! त्याची वर्णनं मात्र त्रोटक, बहुतेकदा चित्राविना. ॲरिझोनेन्सिसला त्याने आधी वेगळ्याच वंशात घातलं होतं. म्हणून आज या नावापुढे ‘जिरॉ, 1915’ हे कंसात लिहितात. मूळचा वंश बदलला आहे, हे त्या कंसावरून जाणकाराला कळतं.

नियम साधा आहे: दोन नावं एकाच प्रजातीची निघाली तर आधीचं नाव टिकतं. मग हयात चुकले म्हणायचं का? मला हा शब्द वापरवत नाही. त्यांनी मापं, चित्रं आणि नमुना नीट मांडून ठेवला, म्हणूनच दुसऱ्या कुणाला दोन्ही प्रजाती शेजारी ठेवून ताडता आल्या. नव्या प्रजातीचं वर्णन म्हणजे पुराव्यासकट मांडलेला दावा, आणि तो खोडता येईल अशा रीतीने मांडणं हेच त्यातलं कसब.

नाव गेलं, पण त्याबरोबर एक कोडं सुटलं. आपली ‘नवी’ माशी ॲरिझोनाची, आणि पिठ्या ढेकूण शेजारच्याच न्यू मेक्सिकोचा. म्हणजे दोघांची गाठ अमेरिकेतलीच. माशीला इथे कुणी आणून सोडलेलं नव्हतं. आपल्या भक्ष्याच्या मागोमाग, बहुधा त्याच्याच पोटात बसून, तीही समुद्र ओलांडून आली. एरवी असा मित्रकीटक परदेशातून आणायचा तर परवानग्या, विलगीकरण, चाचण्या यांत वर्षं जातात. ही आपली आपण आली आणि कापसाच्या रानात कामाला लागली.

मराठीतल्या कृषी सल्ल्यांत अजून बंबावालेई हे नाव वाचायला मिळतं. शेतकऱ्याचं त्यात काही बिघडत नाही, माशी तीच आहे. संग्रहालयांतही जुनी चिठ्ठी काढून टाकायची पद्धत नाही. नमुन्याच्या त्याच टाचणीवर, पहिल्या चिठ्ठीच्या खाली, नव्या नावाची आणखी एक चिठ्ठी ओवतात.